ऑब्सिडियन: कार्यालयातील 'का' जपणारे टिपणांचे ॲप, अडीच वर्षांच्या वापरानंतर

आमचे कार्यालय पाणीपुरवठा योजनांची आखणी आणि तांत्रिक तपासणी करते. तीन वर्षांपूर्वी आमचे एक ज्येष्ठ अभियंता निवृत्त झाले आणि त्यानंतर काही महिन्यांतच, त्यांनीच आखलेल्या एका जुन्या योजनेच्या विस्ताराचे काम आमच्याकडे आले. नकाशे होते, हायड्रॉलिक गणिते होती, मोजमाप पुस्तिकांच्या प्रतीही होत्या. परंतु ऊर्ध्ववाहिनीवर, म्हणजे पंपाने पाणी वर चढवणाऱ्या पाइपलाइनवर, एका विशिष्ट ठिकाणी एकमेकांच्या अगदी जवळ दोन एअर व्हॉल्व्ह (साचलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) का बसवले आहेत, याचे कारण एकाही कागदावर नव्हते. ते शोधण्यात आमचे जवळजवळ तीन आठवडे गेले. अखेर सरांना फोन केला, तेव्हा दहा मिनिटांत उलगडा झाला: काम चालू असताना जागेच्या वादामुळे वाहिनी टेकाडावरून वळवावी लागली होती, त्यामुळे मूळ नकाशात नसलेला उंचवटा तयार झाला होता, आणि अशा उंच जागी वाहिनीत हवा साचते. माहिती सगळी होती, निर्णयामागचे कारण तेवढे एका माणसाच्या डोक्यात राहिले होते.

त्या अनुभवानंतर मी टिपणे ठेवण्याची पद्धत बदलायचे ठरवले आणि काही साधने वापरून पाहिल्यावर ऑब्सिडियन या ॲपवर स्थिरावलो. गेली अडीच वर्षे मी ते रोज वापरत आहे. त्यातले पहिले वर्ष एकट्याने आणि नंतर चार सहकाऱ्यांबरोबर. या काळात जे पटले आणि जे खटकले, ते दोन्ही येथे नोंदवत आहे.

ऑब्सिडियन शिदा ली आणि एरिका शू या दोघांनी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू केले. त्याआधी त्यांचे डायनालिस्ट नावाचे मुद्देवार याद्यांचे ॲप होते. ऑब्सिडियनची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्याची रचना साधी आहे: संगणकावरचा एक फोल्डर म्हणजे तुमचा 'व्हॉल्ट', आणि त्यातली प्रत्येक टिप ही एक स्वतंत्र साधी मजकूर-फाइल. मजकुराची मांडणी मार्कडाउन या पद्धतीने केलेली असते. ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली आणि तीत शीर्षकासाठी, यादीसाठी वा ठळक अक्षरांसाठी मजकुरातच साधी चिन्हे टाइप करायची असतात. म्हणजे ॲप काढून टाकले तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि वाचता येते.

हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याचे कारण आमच्या व्यवसायातच आहे. पाणीपुरवठा योजनेचा संकल्पन कालावधी, म्हणजे ती किती वर्षांसाठी आखायची तो काळ, साधारणपणे ३० वर्षांचा धरतात, पंपांसारख्या यंत्रसामग्रीचा १५ वर्षांचा. ज्या वाहिनीबद्दल मी आज लिहितो आहे ती आणखी तीन दशके जमिनीखाली असणार आहे आणि कोणीतरी ती केव्हातरी पुन्हा उकरणार आहे. तोपर्यंत कोणते ॲप टिकेल, कोणती कंपनी विकली जाईल, कोणती सेवा बंद होईल, हे कोणीच सांगू शकत नाही. आमच्या कार्यालयात जुन्या डीटीपी फाँटांत टाइप केलेले अहवाल आहेत. ते फाँट युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संगणकीय संकेतातले, नसल्यामुळे आज त्या फाइली उघडल्यावर नुसती निरर्थक रोमन चिन्हे दिसतात आणि परिवर्तक वापरल्याशिवाय त्यात एक शब्दही शोधता येत नाही. ज्यांनी हा त्रास सोसला आहे त्यांना साध्या युनिकोड मजकुराचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ॲपचा गाभा म्हणजे दुवे. दुहेरी चौकोनी कंसात दुसऱ्या टिपेचे नाव लिहिले, उदाहरणार्थ [[निविदा]], की त्या टिपेशी दुवा जोडला जातो. आणि त्या दुसऱ्या टिपेत गेल्यावर, तिचा उल्लेख आणखी कोठे कोठे आला आहे, याची यादी आपोआप दिसते. टिपेचे नाव बदलले तर व्हॉल्टमधले सगळे दुवेही बदलतात. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण फोल्डरांच्या पद्धतीत एका कागदाला एकच जागा असते, आणि आमच्याकडे तर एकच निर्णय योजनेशी, पुरवठादाराशी, मातीच्या प्रकाराशी आणि एखाद्या जुन्या चुकीशी एकाच वेळी बांधलेला असतो. एअर व्हॉल्व्हची ती गोष्ट 'नकाशे' या फोल्डरमध्ये ठेवायची की 'भूसंपादन' या फोल्डरमध्ये, असा प्रश्न आता पडत नाही.

या पद्धतीचा उगम सांगताना जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांचे नाव हमखास घेतले जाते. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहून, त्यांना क्रमांक देऊन, एकमेकींशी जोडून ठेवल्या होत्या. मला मात्र या संदर्भात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधला संस्कृत कोशाचा चिठ्ठीसंग्रह अधिक जवळचा वाटतो. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. ज्यांनी त्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि जे आज त्यांवरून नोंदी लिहितात, त्यांच्यात पिढ्यांचे अंतर आहे. तरीही काम चालते, कारण शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या संदर्भात आला, हे चिठ्ठीवरच लिहिलेले असते. लिहिणाऱ्याला विचारायला जावे लागत नाही. कार्यालयीन टिपेची कसोटीही मी हीच मानतो.

आणि येथेच या ॲपने मला लिहायला शिकवले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. सुरुवातीला मी टिपांना 'पाइप', 'पंप', 'बैठक ३' अशी नावे देत असे. दोन महिन्यांनी यादी पाहिली तर कोणत्या टिपेत काय आहे, ते मलाच सांगता येईना. मग मी प्रत्येक टिपेला पूर्ण वाक्याचे नाव द्यायला लागलो: 'जुन्या सीआय पाइपचा सी-गुणांक नव्या पाइपइतका धरू नये' (सीआय म्हणजे ओतीव लोखंड, सी-गुणांक म्हणजे पाइप आतून किती गुळगुळीत आहे ते दाखवणारा आकडा), 'टेकाडावरून वळवलेल्या वाहिनीची उंची पुन्हा मोजून घ्यावी'. असे नाव देताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे, ते ठरवावेच लागते. अनेकदा नाव सुचत नाही, आणि तेव्हा कळते की टिपेत दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत किंवा एकही धड नाही. पुढे अहवाल लिहायला बसल्यावर ही शीर्षके दुव्यांसह एकाखाली एक ठेवली की युक्तिवादाचा सांगाडा तयार होतो, आणि ग्राहकाला पाठवायचे पत्र पूर्वी अर्धा दिवस घेत असे ते आता तासाभरात होते.

पूर्ण वाक्याच्या नावांना मराठीत एक अडचण आहे, आणि ती मला कोठे लिहिलेली आढळली नाही म्हणून येथे सविस्तर सांगतो. टिपेचे नाव हेच फाइलचे नाव असते, आणि अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे धरून, प्रत्येकी ३ बाइट घेते. त्यामुळे साधारण ऐंशी-पंचाऐंशी चिन्हांनंतर नाव मावत नाही. विंडोजवर ही मर्यादा बाइटमध्ये मोजत नसल्याने तेथे तयार केलेली लांब नावाची टिप संगणकावर व्यवस्थित दिसते, पण फोनवर पोहोचतच नाही. शिवाय विंडोजवर नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम चालत नाही. मी आता नाव दहा शब्दांच्या आत ठेवतो. त्यामुळे वाक्येही आटोपशीर झाली, हा त्यातला लाभ.

दुसरी अडचण विभक्तीची. इंग्रजीत शब्द बहुतेक वेळा जसाच्या तसा राहतो, पण मराठीत 'निविदा' हा शब्द वाक्यात आला की 'निविदेत', 'निविदेचा', 'निविदांमध्ये' असा बदलतो. ॲपला सामान्यरूप कळत नाही. दुवा न जोडलेले उल्लेख दाखवण्याची त्याची सोय 'निविदा' शोधते आणि 'निविदेत' सोडून देते. यावर दोन उपाय आहेत. वाक्य लिहिताना दुव्यात उभी रेघ देऊन [[निविदा|निविदेत]] असे लिहिता येते, म्हणजे दुवा मूळ टिपेला जोडला जातो आणि वाचणाऱ्याला योग्य रूप दिसते. किंवा टिपेच्या गुणधर्मांत तिची पर्यायी नावे नोंदवून ठेवता येतात. शोधताना मी शब्दाचे न बदलणारे अंग, म्हणजे 'निविद' एवढेच टाकतो आणि मग सगळी रूपे सापडतात.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि तिने मला एकदा पुरते गोंधळात टाकले होते. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होऊ शकतो: काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात, तर काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. माझ्या सहकाऱ्याने फोनवर लिहिलेली 'दुसऱ्या टप्प्याची चाचणी' ही टिप मला संगणकावरून शोधून सापडत नव्हती, ती याच कारणाने. 'ॲप'मधल्या ॲ चीही तीच गत होऊ शकते. हा दोष एकट्या ऑब्सिडियनचा नाही, परंतु ज्या साधनाचा सगळा भर शोधण्यावर आणि जोडण्यावर आहे, त्यात तो अधिक बोचतो. आम्ही पाचही जणांनी एकच कळफलक वापरायचा, असा नियम केल्यावर हा प्रश्न सुटला. मराठीत टिपणे ठेवू इच्छिणाऱ्या प्रत्येक गटाने हा नियम पहिल्याच दिवशी करावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

आता बैठकांच्या टिपणांकडे येतो, कारण मला सर्वांत मोठा बदल तेथे जाणवला. आपल्या कार्यालयीन मराठीला कर्ता लपवण्याची सवय आहे. 'पंपाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षे लिहिले. त्यात कोणी करायचे, काय करायचे आणि कधीपर्यंत, यांपैकी काहीच नाही; तरी ते व्यवस्थित, अदबशीर वाटते आणि म्हणून कोणी हरकत घेत नाही. ऑब्सिडियनमध्ये साचे तयार करून ठेवता येतात. मी बैठकीच्या साच्यात चारच ओळी ठेवल्या: काय ठरले, का ठरले, कोण करणार, कोणता पर्याय नाकारला. या साच्यात वरचे वाक्य बसतच नाही. त्याच्या जागी असे लिहावे लागते: 'क्रमांक दोनच्या पंपाचे सील गळते आहे, ते बदलण्याचे पत्र मी ठेकेदाराला मंगळवारपर्यंत पाठवतो, संपूर्ण पंप बदलण्याचा पर्याय नाकारला, कारण त्याच्या संकल्पन कालावधीची सहा वर्षे अजून शिल्लक आहेत.' ही ओळ लिहायला एक मिनिट अधिक लागते, आणि पुढे कोणालाही फोन करावा लागत नाही.

नाकारलेला पर्याय लिहिण्याचा आग्रह मी विशेष धरतो. निवडलेला पर्याय नकाशात दिसतोच. सोडून दिलेला दिसत नाही, आणि नवा माणूस नेमका तोच पुन्हा सुचवतो. चूक त्याची नसते, आधी त्यावर विचार झाला होता हे त्याला कळायचा मार्गच नसतो. आमच्या गटात नुकतीच रुजू झालेली एक अभियंता पहिल्या आठवड्यात या टिपा वाचत बसली आणि तिने विचारलेला पहिलाच प्रश्न आमच्या एका जुन्या गृहीतकातली त्रुटी दाखवणारा निघाला. कारण लिहिलेले असले की ते तपासताही येते. हे मला तोपर्यंत सुचले नव्हते.

मात्र ॲपकडून काय अपेक्षा करू नये, हेही स्पष्ट सांगायला हवे. ज्ञान व्यवस्थापनाच्या अभ्यासात जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी प्रसिद्ध केलेले एक उदाहरण आहे. मात्सुशिता कंपनी १९८०च्या दशकात घरगुती पाव बनवणारे यंत्र तयार करत होती आणि यंत्रातून निघणारा पाव काही केल्या जमत नव्हता. तेव्हा इकुको तानाका या सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कर्मचारीने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कणीक मळायचे शिक्षण घेतले आणि तो कणीक ओढताना तिला विशिष्ट पीळ देतो हे तिच्या लक्षात आले. त्यावरून यंत्रात बदल केला गेला. ती गोष्ट त्या पाववाल्याने लिहून ठेवली नसती, कारण आपण काही वेगळे करतो हे त्याच्या ध्यानातही नसावे. आमचे सर पंपाच्या आवाजावरून बेअरिंग गेले आहे की सक्शनमध्ये हवा शिरते आहे, हे ओळखत. ते मी कोणत्याही टिपेत उतरवू शकलेलो नाही. त्यासाठी त्यांच्याबरोबर पंपघरात उभे राहणे हाच मार्ग होता, आणि त्या वर्षांत मी तो पुरेसा वापरला नाही, याची खंत मला आहे.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात. टिपा आणि दुवे ठिपक्यांच्या जाळ्यासारखे दाखवणारा ग्राफ दिसायला आकर्षक आहे, पण कामात मला त्याचा उपयोग झालेला नाही. 'कॅनव्हास' या सोयीत टिपा मोठ्या फळ्यावर मांडता येतात आणि योजनेचे टप्पे ग्राहकाला समजावताना ती उपयोगी पडते. २०२५ मध्ये आलेल्या 'बेसेस'मुळे टिपांचे तक्ते करता येतात. सगळ्या योजना, त्यांची स्थिती आणि जबाबदार व्यक्ती एका तक्त्यात दिसू लागल्यापासून माझी एक वेगळी एक्सेल फाइल बंद झाली. फोनवरचे ॲप चालते, परंतु व्हॉल्ट मोठा झाला की उघडायला वेळ घेते आणि साइटवर उभ्याउभ्या दोन ओळी टिपायच्या असताना तो वेळ जाणवतो.

प्लगइनबाबत, म्हणजे ॲपला नव्या सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमबाबत, सावधगिरी आवश्यक आहे. बाहेरच्या लोकांनी तयार केलेली प्लगइन मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, आणि त्यांना तुमच्या फाइली वाचण्याची मुभा असते. म्हणूनच ती सुरू करण्यापूर्वी ॲप तुम्हाला स्पष्टपणे विचारते. ग्राहकांची गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयाने प्लगइन मोजून दोन-तीनच ठेवावीत. माझ्या पहिल्या सहा महिन्यांतला बराच वेळ प्लगइन लावण्यात आणि रूप सजवण्यात गेला, त्या वेळात टिपा मात्र फार थोड्या लिहिल्या गेल्या. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिले दोन महिने एकही प्लगइन लावू नये.

सर्वांत मोठी उणीव सामूहिक वापराची आहे. एकाच टिपेवर दोघांनी एकाच वेळी लिहावे आणि एकमेकांचे लेखन दिसावे, ही गूगल डॉक्सने अंगवळणी पाडलेली सोय येथे नाही. अमुक टिप लेखाविभागाने पाहू नये, अशी टिपेनुसार परवानगीही देता येत नाही. व्हॉल्ट दिला की सगळाच दिला. आम्ही पाच जण एका व्हॉल्टवर काम करतो ते प्रत्येकाने आपापल्या योजनेच्या टिपा लिहायच्या आणि दुसऱ्याच्या टिपेत दुरुस्ती सुचवायची झाल्यास खाली नाव घालून लिहायची, या शिस्तीवर. पाच जणांत हे निभते. पन्नास जणांच्या कार्यालयात निभेल असे मला वाटत नाही, आणि तेथे कोणी मला विचारले तर मी दुसरे साधन पाहायला सांगेन.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. ॲप विनामूल्य आहे. पूर्वी कंपनीत कामासाठी वापरायचे तर प्रत्येक व्यक्तीमागे वर्षाला ५० डॉलरचा परवाना घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२५ पासून तो ऐच्छिक केला आहे. अनेक उपकरणांत टिपा सारख्या ठेवणारी 'सिंक' ही त्यांची सेवा घ्यायची तर वर्षाचे पैसे एकदम भरल्यास महिन्याला ४ डॉलर पडतात, आणि त्यात मजकूर आपल्या उपकरणावरच सांकेतिक होऊन पुढे जातो. वनड्राइव्हसारख्या सेवेतून किंवा गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) वापरूनही हे काम करता येते. आम्ही सुरुवातीला तसेच केले, पण दोनदा एकाच टिपेच्या दोन प्रती तयार झाल्या आणि त्यातली कोणती ताजी हे हाताने जुळवत बसावे लागले. त्यानंतर सिंक घेतले.

आम्ही वापरतो तो इंटरफेस आणि मदतीची पाने इंग्रजीत आहेत, हे मराठीत काम करणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना पहिले काही दिवस जड गेले. त्यांच्यासाठी मी आमच्याच व्हॉल्टमध्ये 'टिप कशी लिहावी' ही एक टिप मराठीत लिहून ठेवली आहे: नाव कसे द्यावे, उभ्या रेघेचा दुवा कसा लिहावा, कोणता कळफलक वापरावा, बैठकीच्या चार ओळी कोणत्या. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ती वाचतो आणि त्याला न समजलेले वाक्य तेथेच बदलतो. आतापर्यंत तीत अकरा दुरुस्त्या झाल्या आहेत. सिंकचे पुढील वर्षाचे शुल्क आम्ही गेल्या महिन्यात भरले. लेखाविभाग आणि साइटवरचे पर्यवेक्षक यांना या कामात कसे सामावून घ्यायचे, याचा शोध अजून चालू आहे.